घरघरीचे वैद्य

ज्याच्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि ज्यानं तो स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेला आहे, अशा माणसाच्या घरी गाणं ऐकायला जाऊ नये. जायचंच झालं तर जेवून जावं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असं बघून जावं. हा माणूस मुंबईत असतो, कोल्हापुरात असतो, मडगावला असतो. पण पुण्यात तो जरा जास्तच आढळतो. पूर्वी तो पेठेतल्या वाड्यात राहायचा. वाडा पडला, बिल्डिंग झाली, तो तिसऱ्या मजल्यावर गेला आणि जाताना पोत्यात भरून मोटारी घेऊन गेला. नाव काहीही असू शकतं. आपण त्यांना आप्पा म्हणू.

आप्पा निवृत्त असतात. निवृत्तीआधी चिंचवड-भोसरीकडे एखाद्या कारखान्यात 'क्वालिटी'ला होते, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या मालात काय बिघडलंय ते शोधून सांगायचं आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचा. पगार थांबला, शोध चालू आहे. लग्नाच्या पंगतीत आप्पा जिलबीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. कार्यालयाच्या मागे लावलेल्या जनरेटरचं एक बेअरिंग गेलंय, ते वधूपित्याला सांगतात. रिक्षात बसले की दोन चौक गप्प असतात आणि तिसऱ्या चौकात रिक्षावाल्याला त्याच्या इंजिनाचं भविष्य ऐकवतात. लोक वैतागतात, कारण त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघतं. अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक, कानावर पेन्सिलीच्या जागी बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि गळ्यात स्टेथोस्कोप. स्टेथोस्कोप खरा आहे. पुतणी डॉक्टर झाली तेव्हा तिच्या पेढ्यांपेक्षा तिच्या जुन्या स्टेथोस्कोपवर आप्पांचा डोळा होता.

"ये रे, केसरबाई ऐकवतो," असं आप्पा म्हणतात आणि आपण जातो. आप्पा शब्दाचे पक्के. केसरबाई लावणार म्हणजे लावणार. त्याआधी फक्त घर बंद करायचं असतं. पंखा बंद होतो. ट्यूबचा चोक वाजतो म्हणून ट्यूब जाते. भिंतीवरचं घड्याळ उतरवून आतल्या खोलीत गाद्यांच्या चळतीत खुपसलं जातं. मग फ्रिज.

"अहो, आत श्रीखंड आहे," काकू स्वयंपाकघरातून सांगतात.

"अर्ध्या तासानं श्रीखंडाला काही होत नाही."

"तुमचा अर्धा तास बघितलाय मी. मागच्या खेपेला आमरस गेला."

फ्रिज बंद होतो. एवढ्यात सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो आणि टाकी भरेपर्यंत सगळ्यांनी अंधारात बसायचं असतं. शेवटी पंपही थांबतो. आप्पा मोबाइलच्या उजेडात रेकॉर्ड ठेवतात, आवाजाचं बटण गाण्याला लागतं त्याच्या दुप्पट पिळतात आणि पिन सोडतात ती थेट रेकॉर्डच्या शेवटी, लेबलाजवळच्या त्या बंद खाचेत, जिथे गाणं संपल्यावर पिन गोल गोल फिरत राहते. आपण जिथे रेकॉर्ड उचलतो तिथे आप्पा सुरुवात करतात.

दर १.८ सेकंदांनी 'टक' असा आवाज येतो, कारण मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर, नेमकं ३३⅓ फेऱ्यांनी तेवढाच वेळ लागतो. दोन टकांच्या मध्ये काही नसतं.

"आलं का ऐकू?" आप्पा कुजबुजतात.

"काय?"

"खाली बघ. खाली. खर्जात."

आता इथे उत्तर जपून द्यायला हवं. 'हो' म्हटलं तर आप्पा कळवळून विचारतात, "किती? मघाच्यापेक्षा जास्त?" आणि यंत्र उघडून बसतात. 'नाही' म्हटलं तर तुमच्या कानांबद्दल आणि ओघानं तुमच्या घराण्याबद्दल त्यांचं मत बनतं. अनुभवी माणसं मान तिरकी करून "हं..." म्हणतात. तो 'हं' दोन्हींकडे लागू पडतो.

आप्पांचं म्हणणं अगदी सरळ आहे. गाणं काय, कुणालाही ऐकू येतं. त्यासाठी मुद्दाम कान कशाला हवेत? गाण्याच्या खाली मोटारीची जी घरघर असते ती ऐकू आली पाहिजे. तिला ते 'रंबल' म्हणतात. तीर्थरूपांबद्दल बोलताना आवाज जसा खाली येतो, तसा हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येतो.

प्लेअर म्हणजे गॅरार्ड ३०१. इंग्लंडात स्विंडन गावी तयार झालेला, १९५४ साली बाजारात आलेला. बीबीसीनं वापरलेला. घ्यायला गेलं की त्याच्याबरोबर ना लाकडी पेटी यायची ना पिनेचा दांडा. ते ज्याचं त्यानं बघायचं. कंपनी त्याला प्लेअर म्हणतच नव्हती. 'ट्रान्स्क्रिप्शन मोटर' असं तिनं त्याचं नाव ठेवलं होतं, आणि हे आप्पांना मनापासून पटलेलं आहे. परदेशात आज त्याला लाखाच्या वर भाव आहे. आप्पांना तो जुन्या बाजारात मिळाला. बुधवार की रविवार, ते आठवतं त्यांना, किंमत आठवत नाही. काकूंना सांगितलेली किंमत वेगळी, मित्रांना सांगितलेली वेगळी. खरी फक्त त्या विकणाऱ्याला ठाऊक.

रंबल होतो कसा, हे आप्पांकडून ऐकण्यासारखं आहे; खरं तर त्यांच्याकडून ऐकण्यासारखं तेवढंच आहे. ३०१ची मोटर चार ध्रुवांची. आपली वीज ५० हर्ट्झची. त्या हिशेबानं मोटर मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या जरा आतबाहेर, म्हणजे आतच फिरते. सेकंदाला जवळपास पंचवीस. तिचा दांडा एका रबरी चाकाला घासतो, ते चाक तबकडीच्या आतल्या कडेला घासतं, आणि तबकडी फिरते. दांड्यात केसभर बाक असला, बुश झिजलेला असला, की सेकंदाला पंचवीसदा एक हलकासा धक्का चाकातून तबकडीत, तबकडीतून रेकॉर्डमध्ये आणि रेकॉर्डमधून पिनेत जातो. शिवाय मोटारीतलं चुंबक एका सेकंदात शंभर वेळा ओढ घेतं, त्याचा गुंजारव वेगळा. पिनेला बिचारीला यातलं काय गाणं आणि काय मोटर, ते कळायचा मार्ग नाही. हललं की ती वीज करते.

"पण एवढासा धक्का..." असं आपण म्हणायला जातो, तिथे आप्पा वाटच बघत असतात.

"एवढासा? अरे, नऊपट होतो तो!"

हेही खरं आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबून कापतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला पाच-सात मिनिटांपलीकडे गाणं मावायचं नाही. वाजवताना ॲम्प्लिफायर तो दाबलेला खर्ज पुन्हा वर काढतो. किती दाबायचं नि किती काढायचं याचं आरआयएए नावाचं कोष्टक १९५४च्या सुमारास ठरलं आणि ते आजही जगभर चालतं. त्या कोष्टकाप्रमाणे वीस-पंचवीस हर्ट्झचा आवाज हजार हर्ट्झच्या आवाजाच्या तुलनेत सुमारे नऊपट वाढवला जातो. गाण्याचा खर्ज आधी दाबलेला होता, तो जागेवर येतो. मोटारीची घरघर कुणी दाबलेली नव्हती. ती फुकटात नऊपट होते.

हे सांगताना आप्पांच्या चेहऱ्यावर, सरकारी कचेरीत स्वतःच्या अर्जातली चूक कारकुनाला सापडण्याऐवजी कारकुनाचीच चूक आपल्याला सापडल्याचा आनंद असतो.

पुढचा टप्पा निदानाचा. गल्लीत कुणाचा प्लेअर बिघडला आणि "आप्पा, घुमतोय हो फार," असं कुणी म्हणालं की आप्पा आधी त्याला झापतात. घुमणं वेगळं आणि घरघर वेगळी. मोटर चालू ठेवून पिन उचलायची. आवाज गेला तर ती घरघर, आजार यंत्राचा. पिन हवेत असतानाही आवाज तसाच राहिला तर तो विजेचा घूं-घूं, म्हणजे अर्थिंगची तार तुटलेली किंवा कुठेतरी दोनदा जोडलेली. आणि पिन हवेतच ठेवून पिनेचा दांडा हळूहळू आतल्या बाजूला नेताना घूं-घूं वाढत गेला तर कार्ट्रिज, म्हणजे पिन ज्यात बसते ते, मोटारीचं चुंबकी क्षेत्र पकडतंय. तेल घालून काही उपयोग नाही, कार्ट्रिज बदला. एवढं सोपं निदान आहे. पण लोक न विचारता प्लेअर उघडतात, दिसेल त्या भोकात तेल सोडतात आणि मग तो रडत आप्पांकडे आणतात.

तेल हा आप्पांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विषय आहे. राजकारणावर त्यांनी कुणाशी वैर धरलेलं नाही, तेलावर धरलेलं आहे. आपल्याकडे शिवणयंत्राला खोबरेल घालणारी घरं होती, त्यांनी ते प्लेअरलाही घातलं. पुण्याच्या थंडीत खोबरेल गोठतं. डिसेंबरात असा एक प्लेअर आप्पांकडे आला की ते आधी मोटारीचा वास घेतात आणि मालकाकडे नुसतं बघतात. गंज सोडवायचा फवारा मारून आणणारे त्याहून वाईट. त्या फवाऱ्यानं होतं-नव्हतं तेल धुऊन निघतं, चार दिवस मोटर पळते आणि मग किंचाळायला लागते.

खरा प्रकार असा आहे की या मोटारींचे बुश सच्छिद्र काशाचे असतात. धातूची भुकटी दाबून, भाजून ते केलेले. त्यांनी तेल पिऊन ठेवायचं आणि लागेल तसं सोडायचं, अशी योजना. पन्नास-साठ वर्षांत ते पार सुकतात आणि वरून दोन थेंब सोडले तर आत जात नाहीत. म्हणून आप्पा बुश काढतात आणि कोमट तेलात बुडवून ठेवतात. त्यातून बुडबुडे येतात. हवा बाहेर, तेल आत. बुडबुडे थांबले की झालं. हे सगळं करायला मंद आच लागते आणि लहानसं खोलगट भांडं लागतं. असं भांडं घरात एकच आहे.

"अहो! माझी फोडणीची कढई!"

"धुऊन देतो."

"आता टाकतेच मोहरी त्यात. म्हणजे तडतडली की कळेल तुम्हाला बुश शिजले."

काकूंनी मोहरी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कढया आणल्या आणि एकीवर तांबड्या ऑइलपेंटनं 'मोटर' असं लिहिलं. या घरातला हा एकमेव प्रश्न कायमचा सुटलेला आहे.

तबकडीच्या मधल्या बेअरिंगचं त्यापुढचं. सुरुवातीच्या ३०१मध्ये तिथे ग्रीस असायचं, नंतरच्यात तेल आलं. ग्रीसवाला चांगला की तेलवाला, यावर जगातल्या सगळ्या आप्पांमध्ये दोन तट आहेत. आपल्या आप्पांचा ग्रीसवाला आहे, त्यामुळे त्यांचं मत काय ते सांगायला नकोच.

मग येतं ते रबरी चाक. यंत्र बंद केलं की हे चाक मोटारीच्या दांड्यापासून आपोआप सुटं होतं, अशी सोय गॅरार्डवाल्यांनी करून ठेवली आहे. पण आपल्याकडची पद्धत अशी की प्लेअरचं बटण तसंच ठेवायचं आणि भिंतीवरच्या स्विचनं सगळं एकदम बंद करायचं, वीजबचत. चाक दांड्याला तसंच दाबून बसतं. आजोबा गेले, नातू अमेरिकेला गेला, चाक दाबलेलंच. मधल्या काळात त्याला त्या जागी चपटा खड्डा पडतो आणि पुढे ते फिरेल तेव्हा प्रत्येक फेरीला 'धप' करतं. खड्डा वरवरचा असेल तर आप्पा चाक ड्रिलमध्ये धरून बारीक पॉलिश-पेपरनं गोल करतात. रबर दगड झालं असेल तर ते पिशवी घेऊन नाना पेठेत जातात.

नाना पेठेतल्या स्पेअरपार्टवाल्यांना आप्पा माहीत आहेत. सत्तर सालच्या स्कूटरची एक रबरी रिंग, तीही जुन्या स्टॉकमधली, मागणारं दुसरं गिऱ्हाईक कोण असणार? आप्पा रिंग नखानं दाबून बघतात, कानाशी नेऊन वाकवतात, वास घेतात. दुकानदार विचारतो, "काका, गाडी कुठली?" आप्पा म्हणतात, "गॅरार्ड." दुकानदार मान डोलावतो आणि आतल्या पोऱ्याला सांगतो, "बघ रे, गॅरार्डचं आहे का काही." पोऱ्याही जाऊन बघून येतो.

तापकीर गल्लीतून त्यांनी एक डिमरस्टॅट आणला आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असायचा तोच, वर गोल मूठ असलेला. मोटारीला लागतं त्याहून जरासं कमी व्होल्टेज दिलं तर तिचं चुंबक कमी खेचतं आणि थरथर कमी होते, हा त्यामागचा विचार आणि तो बरोबर आहे. फार कमी दिलं तर तबकडी मंद होते, म्हणून आप्पा मूठ केसाकेसानं मागे नेत तबकडीच्या कडेवरच्या ठिपक्यांकडे बघत बसतात. जुन्या काळी उन्हाळ्यात संध्याकाळी आपोआप व्होल्टेज उतरायचं. सगळं गाव वीजवाल्यांना शिव्या द्यायचं, त्या वेळी आप्पांची मोटर सर्वांत शांत चालायची. ते दिवस गेले याची हळहळ वाटणारा हा महाराष्ट्रातला एकटाच ग्राहक असेल.

या सगळ्याच्या वर कडप्पा. मोटारीची थरथर जिरवायला खालचं बूड जड पाहिजे. इंग्लंडातले आप्पा त्यासाठी पाटीचा दगड वापरतात, कुणी प्लायवुडचे थर एकावर एक चिकटवून ठोकळा करतात. आपल्या आप्पांनी आधी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणून तो प्रयोग केला. मग घरात नूतनीकरण निघालं. काकूंना ओट्यावर ग्रॅनाइट हवा होता. आप्पा तसे खर्चाला नाही म्हणणारे, पण यावेळी ताबडतोब हो म्हणाले. काकू चार दिवस खुशीत होत्या. पाचव्या दिवशी गवंड्यानं जुना कडप्पा फोडायला घण उचलला आणि आप्पा आडवे पडले. ज्या दगडावर काकूंनी तीस वर्षं पोळ्या लाटल्या त्यावर आता ३०१ बसवलेला आहे. एका कोपऱ्यात हळदीचा डाग आहे. तो निघत नाही, आणि आप्पा म्हणतात की त्यानं आवाजात फरक पडत नाही. त्यांनी तपासलंय.

आप्पांचे शत्रूही आहेत. सगळे मित्रच. एक पट्टेवाले, म्हणजे बेल्टचे. मोटर आणि तबकडी यांच्यात रबरी पट्टा असला की थरथर पट्ट्यातच जिरते, हे त्यांचं म्हणणं, आणि घरघरीपुरतं ते कुणालाही मान्य करावं लागेल. आप्पा करत नाहीत. "पट्टा सैल पडला की तुझा षड्ज डुलतो, त्याचं काय?" हा त्यांचा ठरलेला टोला. दुसरे 'थेट'वाले, ज्यांच्या यंत्रात तबकडी हाच मोटारीचा फिरता भाग असतो. टेक्निक्सचा एसएल-१२०० हे त्यांचं दैवत, १९७२पासूनचं. मोटरच मुळी मिनिटाला तेहतीस फेऱ्या फिरते, तर घरघर येणार कुठून? एकदा एका थेटवाल्यानं त्याच्या मार्क-२चं माहितीपत्रक आप्पांसमोर ठेवलं. रंबल उणे ७८ डेसिबल.

"वजन करून की न करता?" आप्पांनी विचारलं.

पत्रकात दोन्ही आकडे होते. न करता उणे ५६. वजन करून म्हणजे, माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात तेवढी सूट देऊन. आप्पांना ही सूट मान्य नाही. ऐकू येत नाही म्हणून नाहीच असं धरायचं का? मग रात्री झोपलेल्या माणसाच्या घरी चोरीही झाली नाही म्हणा! थेटवाल्यानं पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. उणे ५६सुद्धा आप्पांच्या ३०१ला जन्मात जमणार नाही, हे त्याला सुचलं नाही. आप्पांना सुचलं होतं. ते काही बोलले नाहीत. तिसरा एक स्विस थॉरेन्सवाला आहे, टीडी १२४, १९५७ सालचा; त्यात पट्टाही आहे आणि चाकही. त्याचे पाय दोन्ही पक्षांत असल्यामुळे त्याला चहा मिळतो, बोलायला मिळत नाही.

केसरबाईंवर आप्पांची भक्ती आहे, पण तिचं कारणही यंत्रातच आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या रेकॉर्डवर अंतराळात गेली, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. आप्पा त्यापुढचं सांगतात. त्या रेकॉर्डबरोबर नासानं पिन पाठवली, कार्ट्रिज पाठवलं, कशी वाजवायची त्याची आकृती काढून दिली. मोटर पाठवली नाही. "शहाणी माणसं! तिकडे जो कोण असेल तो हातानं फिरवील, पण बाईंच्या मागे घरघर ऐकणार नाही." त्या रेकॉर्डचा वेग मात्र १६⅔ आहे आणि तो ३०१वर नाही, ही आप्पांची एकमेव तक्रार. ती त्यांनी अजून कुणाकडे पाठवलेली नाही असं काकू म्हणतात.

एवढं सगळं करून घरघर गेली का? गेली, बरीचशी. मोटर धुतली, बुश तेल प्याले, स्प्रिंगा बदलल्या, चाक गोल झालं, खाली अख्खा ओटा आला, आणि एका रात्री आप्पांना दोन टकांच्या मध्ये काही म्हणता काही ऐकू येईना. माणूस सुखी झाला असता. आप्पा अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळी रेकॉर्ड लावली आणि ती सुरू व्हायच्या आधीच त्यांना ऐकू आलं: लांबून, अगदी खालून, घरघर. मोटर बंद करून तबकडी हातानं फिरवली, तरी होती. म्हणजे ती रेकॉर्डमध्येच कापलेली होती. ज्या यंत्रावर मूळ तबकडी कापली गेली, त्या यंत्राची ती घरघर. म्हणजे त्या वेळी तिथे कुणीतरी तेल घातलं नव्हतं!

त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. रोग पकडला, पण रोगी दुसऱ्या शतकात. उपाय सापडला तो वायरिंगचा, आणि जुन्या रेकॉर्डी असलेल्या कुणालाही तो सांगण्यासारखा आहे. जुन्या मोनो रेकॉर्डींत सूर पिनेला आडवे हलवतात. घरघरीचा मोठा भाग तिला खालीवर हलवतो. स्टिरिओ कार्ट्रिज दोन्ही टिपतं. पण मोनो रेकॉर्ड लावताना त्याचे डावे-उजवे जोडून मोनो केलं, तर खालीवरचं एकमेकांना मारतं आणि आडवं तेवढं उरतं. ॲम्प्लिफायरवर 'मोनो'चं बटण असेल तर खर्च शून्य. आप्पांना हे आधीपासून माहीत होतं. इतकी वर्षं वापरलं नाही, कारण बटण दाबून घरघर घालवणं त्यांना लबाडी वाटत होती.

आता ते दाबतात, आणि मग खरोखर केसरबाई लागतात. अंधार, घामाच्या धारा, आणि तो आवाज. तीन मिनिटांची जुनी ध्वनिमुद्रिका, पण बाई पहिल्या तानेत खोली भरून टाकतात. आपण सगळं विसरतो. काकूही दारात येऊन उभ्या राहतात. समेवर आपली मान हलते आणि शेजारी बघावं तर आप्पांची हललेली नसते. ते वाट बघत असतात. बाई श्वास घ्यायला क्षणभर थांबतात, तेवढ्यात आप्पा पुढे झुकतात, स्टेथोस्कोप कडप्प्याला लावतात आणि ऐकून घेतात.

माझं मत विचाराल तर आप्पा हा संगीतप्रेमी माणूस नाही. काकू आहेत, त्यांना दोनशे रेकॉर्डींच्या मागच्या-पुढच्या बाजू पाठ आहेत आणि पिन कुठे सोडली ते त्या स्वयंपाकघरातून ओळखतात. पण शहरात आज जेवढे जुने प्लेअर चालू आहेत, त्यांतले निम्मे अशा आप्पांमुळे चालू आहेत. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, सुटे भाग संपले. दुकानदार म्हणतो "भंगारात द्या." आप्पा दार उघडतात, यंत्र आत घेतात, मालकाला बाहेर ठेवतात आणि आठ-पंधरा दिवसांनी निरोप देतात. पैसे घेत नाहीत. तेलाचे घेतात.

तेव्हा माळ्यावर आजोबांचा प्लेअर पडला असेल तर तो विकू नका, आप्पांकडे न्या; मात्र गाणं ऐकायचं ते तो घरी आणल्यावर. आणि घरी आणल्यावर तो बंद करताना प्लेअरच्याच बटणानं बंद करा. भिंतीवरच्या स्विचनं केलात तर चाकाला पुन्हा खड्डा पडेल आणि ते आप्पांना तुमच्या घराबाहेरूनसुद्धा कळेल.